ब्रीदर नळी (मोटारवाहन)

ब्रीदर नळी किंवा श्वसननळी ही मोटारवाहनाच्या बंदिस्त भागातील हवा, वायू किंवा वाफ बाहेर जाण्यासाठी, तसेच गरजेप्रमाणे बाहेरची हवा आत येण्यासाठी बसवलेली लवचीक नळी होय. ती बहुधा तेलरोधक कृत्रिम रबराची, क्वचित नायलॉनची असते. इंजिनाचे क्रँककेस, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, इंधनटाकी आणि बॅटरी हे भाग बंद दिसत असले, तरी त्यांच्या आतील हवा किंवा वायू यांचा दाब सतत बदलत असतो. या दाबाला ठरावीक वाट करून दिली नाही, तर तो सर्वांत कमकुवत जागेतून, म्हणजे बहुधा ऑइल सीलमधून, स्वतःची वाट काढतो.

पिकअप जातीच्या मालवाहू वाहनाचे बॉनेट उघडल्यावर एखादी नळी कशालाच जोडलेली नाही असे पुष्कळदा दिसते. ती निसटली आहे की मुळातच मोकळी ठेवली आहे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. काही नळ्यांचे टोक रचनेनुसारच मोकळे असते आणि ते बंद केल्यास नुकसान होते. काही नळ्या मात्र जोडलेल्याच असाव्या लागतात. त्या मोकळ्या राहिल्या तर इंजिनात धूळ जाते, कूलंट कमी होते किंवा ब्रेक जड होतात. हिंगोलीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हळद, सोयाबीन, कापूस आणि भाजीपाला मोठ्या प्रमाणावर पिकअपमधूनच मोंढ्यापर्यंत पोहोचतो. तेथे धुळीच्या व चिखलाच्या रस्त्यांमुळे हा फरक ओळखण्याला विशेष महत्त्व येते.

नाव

गॅरेजच्या बोलीत या नळीला 'ब्रीदर' किंवा 'ब्रीदर पाइप' म्हणतात. काटेकोरपणे पाहता ब्रीदर हे नाव श्वसनमार्गाच्या तोंडाशी असलेल्या टोपीला किंवा झडपेला लागू आहे आणि नळी हा त्याचा केवळ विस्तार आहे. व्यवहारात मात्र दोहोंसाठी एकच शब्द वापरला जातो. निर्वात नळी (व्हॅक्यूम पाइप), कूलंटची नळी आणि वातानुकूलन यंत्रणेची निचरा नळी या खऱ्या अर्थाने ब्रीदर नव्हेत. तथापि सुटे टोक दिसले की गोंधळ याच नळ्यांमध्ये होतो, म्हणून त्यांचाही विचार पुढे केला आहे.

बॉनेट हा शब्दही सर्व मालवाहू वाहनांना सारखा लागू पडत नाही. महिंद्रा बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा यांचे इंजिन पुढे, बॉनेटखाली असते. २००५ साली बाजारात आलेल्या आणि 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसमध्ये ते आसनाखाली आहे. तेथे तपासणीसाठी आसन उचलावे लागते आणि नळ्यांची मांडणीही पूर्णपणे निराळी असते.

क्रँककेसचे श्वसन

इंजिनातील सर्वांत महत्त्वाची ब्रीदर नळी क्रँककेसची असते. सिलिंडरमध्ये इंधन जळत असताना निर्माण होणारा दाब पिस्टनच्या रिंगा पूर्णपणे अडवू शकत नाहीत. नव्या इंजिनातही थोडा वायू रिंगांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. या वायूत न जळलेले इंधन, पाण्याची वाफ, काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे असतात. क्रँककेसमधून वर येताना त्यात इंजिन ऑइलचे सूक्ष्म थेंबही मिसळतात. रिंगा व सिलिंडर झिजले की त्याचे प्रमाण वाढते. महाराष्ट्रातील मिस्त्री या स्थितीला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात.

हा वायू साचू दिला तर क्रँककेसमधील दाब वाढतो, डिपस्टिक वर उचलली जाते, क्रँकच्या दोन्ही टोकांच्या सीलमधून तेल गळू लागते आणि टर्बोचार्जरमधून परत येणारे तेल नीट खाली उतरत नाही. वाफ बाहेर गेली नाही तर ती ऑइलमध्ये मिसळून गाळ तयार होतो. थंडीच्या दिवसांत केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या वाहनात ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर, मलईसारखा थर आढळतो, तो याच वाफेचा असू शकतो. तेवढ्यावरून हेड गॅस्केट फुटल्याचा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनात ही नळी सामान्यतः टॅपेट कव्हरवरून किंवा इंजिनाच्या कडेला असलेल्या तेल-विभाजकातून निघते आणि एअर फिल्टर व टर्बोचार्जर यांच्या दरम्यानच्या पाइपाला जोडलेली असते. विभाजकात तेलाचे थेंब वेगळे होऊन खाली परततात व उरलेला वायू ताज्या हवेबरोबर पुन्हा सिलिंडरमध्ये जाऊन जळतो. पेट्रोल इंजिनात दोन मार्ग असतात: एका नळीने फिल्टरमधील स्वच्छ हवा क्रँककेसमध्ये येते आणि दुसरीने एकदिशा झडपेतून क्रँककेसमधील वायू इनटेक मॅनिफोल्डकडे ओढला जातो.

जोडणीची ही जागा लक्षात ठेवण्यासारखी आहे. नळी फिल्टरच्या पुढे, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला जोडलेली असते. ती निसटली की एक नव्हे तर दोन तोंडे उघडी पडतात. नळीच्या तोंडातून तेलकट वाफ बाहेर पडते, हे डोळ्यांना दिसते. पाइपावरील रिकाम्या निपलमधून न गाळलेली हवा आत ओढली जाते, हे दिसत नाही. खरे नुकसान तेथे होते.

इतिहास

आरंभीच्या मोटारींत क्रँककेसचा वायू थेट बाहेर सोडला जाई. त्यासाठी इंजिनापासून खाली जमिनीच्या दिशेने एक नळी सोडलेली असे व तिचे खालचे टोक तिरपे कापलेले असे. वाहन धावताना त्या टोकापाशी हवेचा झोत निर्माण होऊन आतील वायू ओढला जाई. वाहन उभे असताना मात्र हे श्वसन जवळजवळ थांबत असे. दुसऱ्या महायुद्धात पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांसाठी व लष्करी वाहनांसाठी बंदिस्त श्वसनाची रचना वापरली गेली, कारण खाली उघडी नळी असलेले इंजिन पाण्यात टिकणे शक्य नव्हते.

नागरी मोटारींत हा बदल हवेच्या प्रदूषणामुळे आला. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस शहरावर पसरणाऱ्या धुरक्याचा अभ्यास रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी केला व मोटारींमधून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांशी त्याचा संबंध दाखवला. या हायड्रोकार्बनांचा लक्षणीय भाग धुराड्यातून नव्हे, तर क्रँककेसच्या उघड्या नळीतून येत असल्याचे लक्षात आले. त्यानंतर १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून अमेरिकेत सर्वत्र नव्या मोटारींना बंदिस्त श्वसनव्यवस्था बसवली जाऊ लागली. वाहनप्रदूषण रोखण्यासाठी बसवलेली ही पहिली यंत्रणा मानली जाते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये उत्सर्जनाच्या मर्यादा ठरवल्या जातात. भारत स्टेज ४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. पेट्रोल वाहनांच्या प्रमाणीकरणात क्रँककेसमधील वायू वातावरणात सुटत नाही ना, याची स्वतंत्र चाचणी असते. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था पुण्यात आहे. प्रत्येक नव्या मानकाबरोबर बॉनेटखालील नळ्यांची संख्या वाढत गेली. जुन्या डिझेल पिकअपमध्ये मोजक्या नळ्या असत. भारत स्टेज ६ वाहनात धुराच्या पुनर्वापराची झडप, तिला चालवणाऱ्या निर्वात झडपा आणि काजळी-गाळणीचा दाब मोजणारा संवेदक यांच्या नळ्यांची भर पडली आहे.

रचनेनुसार मोकळ्या असणाऱ्या नळ्या

चारचाकी चालन असलेल्या पिकअपमध्ये बॉनेटखाली सापडणाऱ्या मोकळ्या नळीचा उगम बहुधा पुढच्या डिफरन्शियलमध्ये किंवा ट्रान्सफर केसमध्ये असतो. वाहन धावताना डिफरन्शियलमधील तेल व हवा तापते आणि हवा प्रसरण पावते. पुढे ओढ्याच्या थंड पाण्यात चाके बुडाली की हीच हवा एकदम आकसते व आत निर्वात निर्माण होतो. श्वसनमार्गाचे तोंड हाउसिंगवरच असेल तर त्या क्षणी पाणी आत ओढले जाते. म्हणून उत्पादक एक लांब नळी लावून हे तोंड पाण्याच्या पातळीच्या शक्य तितके वर, इंजिनकक्षात, फायरवॉलजवळ आणून ठेवतात. तिच्या टोकाला कधी छोटी छत्रीसारखी टोपी असते, कधी टोक खाली वळवून नुसते क्लिपमध्ये अडकवलेले असते. क्लिप तुटली की ती लोंबकळू लागते आणि निसटलेली वाटते. ती कोठेही जोडायची नसते. पुन्हा उंच बांधायची असते. पाणी आत गेल्याची खूण म्हणजे गिअर ऑइलला आलेला दुधी रंग.

वातानुकूलन यंत्रणेची निचरा नळी केबिनच्या पत्र्यातून इंजिनाच्या बाजूला किंवा खाली बाहेर पडते आणि तिचे टोक कायम मोकळे असते. दमट हवेत ती सतत ठिबकते. तिच्यातून येणारे पाणी स्वच्छ व गंधहीन असते. ती बुजली तर पाणी केबिनमध्ये, पायाखालच्या गालिच्यात उतरते.

कूलंटच्या बाटलीला दोन नळ्या असू शकतात. रेडिएटरच्या तोंडापासून बाटलीकडे येणारी नळी जोडलेली असलीच पाहिजे. इंजिन थंड होताना रेडिएटर तिच्यातूनच कूलंट परत ओढून घेतो. बाटलीच्या मानेपासून खाली सोडलेली दुसरी, बारीक नळी ही जादा कूलंट बाहेर पडण्यासाठी असते व ती मोकळीच असते. याशिवाय डिझेल फिल्टरखालील पाणी काढण्याची नळी, काही बॅटऱ्यांची वायू बाहेर नेणारी नळी आणि विंडशील्डखालील खाचेतील पावसाच्या पाण्याची नळी यांची टोकेही उघडी असतात. काही निर्वात झडपांना बाहेरची हवा घेण्यासाठी बोटभर लांबीची, टोकाला स्पंजची गाळणी असलेली नळी असते. ती उघडी पाहून बुजवली तर झडप काम करीनाशी होते.

जोडलेल्याच असाव्या लागणाऱ्या नळ्या

क्रँककेसच्या नळीचा उल्लेख वर आला आहे. तिच्या खालोखाल महत्त्वाची नळी ब्रेक बूस्टरची होय. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये ब्रेकसाठी पुरेसा निर्वात निर्माण होत नाही, म्हणून वेगळा निर्वात पंप बसवलेला असतो. अनेक भारतीय डिझेल वाहनांत तो अल्टरनेटरच्या मागे, त्याच दंडावर असतो. पेट्रोल इंजिनात बूस्टरची नळी निसटली तर इंजिन लगेच अडखळू लागते व चालकाच्या लक्षात येते. डिझेल इंजिनात मात्र इंजिन नेहमीसारखेच चालत राहते आणि फरक फक्त ब्रेकच्या पेडलवर, तोही पाय ठेवल्यावर कळतो. माल भरलेल्या वाहनात हा फरक जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे नळीची ओळख पटेपर्यंत असे वाहन रस्त्यावर न नेणे हेच योग्य मानले जाते.

या पंपाशी निगडित एक कमी परिचित दोष आहे. पंपाने ओढलेली हवा क्रँककेसमध्ये सोडली जाते. बूस्टरची नळी निसटली किंवा फाटली की पंप अखंड हवा ओढत राहतो, ती सर्व हवा क्रँककेसमध्ये जाते आणि ब्रीदरमधून जोराने बाहेर पडते. पाहणाऱ्याला ते बॅक कॉम्प्रेशन वाटते. रिंगा गेल्या, इंजिनाचे काम काढावे लागेल, असा निष्कर्ष निघतो आणि काही रुपयांच्या क्लिपसाठी इंजिन खोलले जाते. इंजिन खोलण्यापूर्वी पंपाची नळी काही क्षण चिमटून ब्रीदरचा जोर कमी होतो का, हे पाहिले म्हणजे दोन्ही दोष वेगळे करता येतात.

धुराच्या पुनर्वापराच्या झडपेकडे किंवा टर्बोचार्जरच्या नियंत्रकाकडे जाणाऱ्या बारीक निर्वात नळ्या निसटल्यास ओढ कमी होते, काळा धूर येतो किंवा डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो. पेट्रोल व सीएनजी वाहनांत इंधनवाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यापासून इंजिनापर्यंतची नळीही जोडलेलीच असावी लागते. ती सुटल्यास बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो.

मोकळ्या नळीची ओळख

ओळखीचा पाया एकच आहे: नळीचे सुटे टोक नव्हे, तर पक्के टोक शोधणे. सुट्या टोकापासून बोटाने नळी चाचपत मागे गेले की ती कोणत्या भागातून निघाली हे कळते व बहुतेक वेळा प्रश्न तेथेच सुटतो. नळी फायरवॉलमागे किंवा चासीच्या आत शिरत असेल, तर एकाने वरून ती हळूच हलवायची व दुसऱ्याने खालून पाहायचे, ही पद्धत वापरली जाते. हे काम इंजिन बंद व थंड असताना करायचे असते. चालू इंजिनात बेल्ट व पंखा यांजवळ हात नेणे धोक्याचे असते आणि विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद केल्यावरही सुरू होऊ शकतो.

यानंतर टोकाची तपासणी येते. पूर्वी कशावर तरी चढवलेल्या नळीचे तोंड किंचित फाकलेले असते, त्यावर क्लिपचा गोल ठसा उमटलेला असतो आणि आतली कड गुळगुळीत झालेली असते. अशा नळीचा जोडीदार, म्हणजे रिकामे निपल, हातभर अंतराच्या आत कोठेतरी असतोच. त्या निपलवर धूळ न बसलेला एक स्वच्छ पट्टा दिसतो, कारण काल-परवापर्यंत तेथे नळी होती. निपल सर्वांगाने सारखेच मळलेले असेल तर ते फार पूर्वीपासून रिकामे आहे किंवा त्यावर नळी कधी नव्हतीच. एकच इंजिन अनेक मॉडेलांत वापरले जात असल्याने काही निपले कारखान्यातूनच बंद केलेली येतात. रचनेनुसार मोकळे असलेले टोक सहसा सरळ किंवा तिरपे कापलेले, खाली वळलेले, टोपी अथवा चीर असलेले असते व त्यावर क्लिपचा ठसा नसतो. वेडेवाकडे, दातेरी तुटलेले टोक उंदीर-घुशींचे काम असण्याची शक्यता मोठी. उबदार इंजिनावर त्यांचे वास्तव्य गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनांत नेहमी आढळते.

व्यास हाही चांगला निदर्शक आहे. निर्वात झडपांच्या नळ्यांचा आतील व्यास साधारण ३ ते ४ मिलिमीटर, डिफरन्शियलच्या ब्रीदरचा ६ ते ८, ब्रेक बूस्टरच्या नळीचा सुमारे १० आणि क्रँककेसच्या नळीचा १५ ते २५ मिलिमीटरच्या आसपास असतो. बूस्टरची नळी जाड भिंतीची असते व बोटाने दाबली तरी चपटी होत नाही, कारण तिला निर्वात सोसायचा असतो. निचऱ्याची नळी पातळ व मऊ असते. क्रँककेसच्या नळीला साच्यात घडवलेली ठरावीक वळणे असतात. ती ज्या दिशेला वळलेली असते तिकडेच तिचे निपल असते, ही साधी गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते.

नळीच्या तोंडात पांढऱ्या कापडाचा तुकडा फिरवला असता आत काय वाहत होते ते कळते. काळपट, इंजिन ऑइलचा वास असलेला थर क्रँककेसचा. गंधकासारखा उग्र वास गिअर ऑइलचा, म्हणजे नळी डिफरन्शियल किंवा गिअरबॉक्सची. गोडसर वास आणि वाळलेला हिरवा किंवा गुलाबी चुरा कूलंटचा. कूलंट विषारी असल्याने चव घेऊन खात्री करू नये. निव्वळ ओल असेल तर निचऱ्याची नळी समजावी. पूर्ण कोरडी व आतून स्वच्छ नळी बहुधा निर्वाताची असते.

एवढ्यावर निर्णय झाला नाही तर इंजिन मंद गतीवर चालू करून, फिरत्या भागांपासून दूर धरलेल्या सुट्या टोकावर कागदाचा तुकडा धरला जातो. कागद चिकटला तर ती निर्वाताची नळी. कागद लयीत फडफडून दूर ढकलला गेला व गरम वाफ आली तर क्रँककेसची. काहीच घडले नाही तर डिफरन्शियलचा ब्रीदर किंवा निचऱ्याची नळी असण्याचा संभव अधिक. रिकाम्या निपलवरही हीच चाचणी करता येते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अनेक वाहनांच्या बॉनेटखाली निर्वात नळ्यांचा आराखडा चिकटवलेला असतो. भारतीय पिकअपमध्ये सामान्यतः तो नसतो, आणि चालकाच्या पुस्तिकेतही एवढा तपशील दिलेला नसतो. त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वाहनाशी तुलना हा सर्वांत सोपा मार्ग उरतो, आणि मोंढ्यात किंवा पिकअप स्टँडवर तसे वाहन सहज सापडते. मात्र ही तुलना सावधपणे करावी लागते. बोलेरो पिकअपसारखे वाहन बाहेरून तेच दिसत असले, तरी भारत स्टेज ३, ४ आणि ६ या काळांतील त्याच्या नळ्यांची मांडणी एकसारखी नाही. उत्पादनाचे वर्ष जुळणे आवश्यक असते. नळीवर छापलेला भाग-क्रमांक वाचता येत असेल, तर अधिकृत विक्रेत्याकडील सुट्या भागांच्या यादीवरून खात्री करता येते.

चुकीच्या निदानाचे परिणाम

मोकळी नळी दिसली की तिच्या तोंडात बोल्ट ठोकून वर क्लिप आवळणे हा रस्त्यावरील नेहमीचा उपाय आहे. डिफरन्शियलच्या ब्रीदरवर तो केला तर काही फेऱ्यांतच पिनियनच्या किंवा चाकाच्या सीलमधून तेल येऊ लागते. सील बदलले तरी ते पुन्हा गळते, कारण मूळ दोष तसाच असतो. चाकाकडे उतरणारे तेल ब्रेकच्या अस्तरापर्यंत पोहोचले तर ब्रेक धरत नाहीत. क्रँककेसची नळी बुजवण्याचे परिणाम याहून लवकर दिसतात.

याउलट, क्रँककेसच्या नळीतून तेल येते म्हणून ती फिल्टरच्या पाइपावरून काढून खाली जमिनीकडे सोडण्याची प्रथाही जुन्या वाहनांत आढळते. याने टर्बोचार्जरचे पाइप तेलकट होत नाहीत हे खरे. पण वायू वातावरणात सुटतो, आणि पाइपावरचे निपल नीट बंद केले नाही तर धूळ थेट आत जाते. ही धूळ टर्बोचार्जरच्या पात्यांच्या कडा झिजवते, रिंगा व सिलिंडर घासते, आणि ज्या बॅक कॉम्प्रेशनमुळे नळी काढली तेच आणखी वाढते.

झिजलेल्या डिझेल इंजिनात नळी जोडलेली ठेवण्याचाही एक धोका आहे, तो नाकारता येत नाही. ब्रीदरमधून फार तेल येत असेल तर ते इनटेकमध्ये जाऊन इंधनासारखे जळते. क्वचित प्रसंगी इंजिन स्वतःच्याच तेलावर अनियंत्रित वेगाने धावू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही, कारण किल्ली केवळ डिझेलचा पुरवठा तोडते. अशा इंजिनाला दुरुस्तीच हवी असते. नळीची जागा बदलून तो दोष जात नाही.

हिंगोली जिल्ह्यातील परिस्थिती

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके आहेत. अकोला, वाशीम, हिंगोली व नांदेड यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ जिल्ह्यातून जातो. तथापि एमएच-३८ क्रमांकाच्या पिकअपचा खरा कस महामार्गावर नव्हे, तर शेतापर्यंतच्या पांदण रस्त्यांवर लागतो. वसमतची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, आणि हिंगोली व वसमत येथील बाजारांत उन्हाळ्याच्या तोंडावर हळदीची मोठी आवक होते. याच महिन्यांत काळ्या मातीची भुकटी झालेली असते आणि तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते.

धुळीच्या या काळात एअर फिल्टर वारंवार काढून हवेने झाडला जातो. काही इंजिनांत क्रँककेसची नळी फिल्टरच्या झाकणाशी किंवा लगतच्या पाइपाशी जोडलेली असल्याने दर वेळी ती काढावी लागते, आणि परत बसवायची राहून जाणे हे ती सुटी सापडण्याचे एक नेहमीचे कारण असते. फिल्टर स्वच्छ केल्यावर त्याच्या पुढचे तोंड उघडे राहिले तर स्वच्छतेचा हेतूच विफल होतो. उष्णतेने रबर कडक होऊन टोकाशी चिरते, तेव्हा क्लिप आवळूनही नळी टिकत नाही.

पावसाळ्यात प्रश्न उलटा होतो. पैनगंगा, पूर्णा व कयाधू या नद्यांच्या खोऱ्यांत ओढ्यांवरील सखल पुलांवरून पाणी जात असते, आणि चिकट काळा चिखल मागच्या ॲक्सलवरील ब्रीदरच्या टोपीवर थापला जाऊन वाळतो. दोनचाकी चालनाच्या पिकअपमध्ये मागचा ब्रीदर बहुधा हाउसिंगवरच असतो. त्याला बॉनेटपर्यंत नळी नसते. म्हणून पावसाळ्यानंतर ही टोपी हाताने फिरवून मोकळी आहे का हे पाहणे व गिअर ऑइलचा रंग तपासणे उपयुक्त ठरते.

दुरुस्ती

निसटलेली नळी परत बसवण्यापूर्वी तिचे टोक चिरले असल्यास, लांबी पुरत असेल तर, सेंटिमीटरभर कापून टाकले जाते. बदली नळी निवडताना केवळ व्यास जुळून चालत नाही. कूलंटसाठी बनवलेले रबर तेलाच्या संपर्कात फुगून लिबलिबीत होते, त्यामुळे रेडिएटरच्या नळीचा तुकडा क्रँककेसला लावणे टिकत नाही. पाण्याची पारदर्शक प्लॅस्टिक नळी इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते व निर्वाताने चपटी होते. क्लिप जुबली पद्धतीची असल्यास ती बेताने आवळावी लागते, अन्यथा प्लॅस्टिकचे निपल तडकते.

नळी काही काळ सुटी राहिली असल्यास फिल्टरच्या पुढील पाइप काढून आत धुळीचा थर आहे का, हे पाहिले जाते. बोट फिरवल्यावर करकरीत माती लागली तर ती टर्बोचार्जरपर्यंत पोहोचलेली असते व इंजिन ऑइलही बदलणे श्रेयस्कर ठरते. ज्या नळ्या संवेदक किंवा विद्युत्‌ झडपेशी संबंधित आहेत, त्या जोडल्यानंतर इंजिनाचा दिवा काही फेऱ्यांनी आपोआप जातो किंवा निदानयंत्राने घालवावा लागतो. डिफरन्शियलच्या ब्रीदरला सहसा असा कोणताही संवेदक नसतो. तो बुजल्याची पहिली सूचना हाउसिंगवर दिसणारा तेलाचा ओघळच देतो.